घोडी सांभाळणाऱ्याचं आडनाव

आमच्या आडनावाचं माणूस नगर जिल्ह्यात आता एकच उरलं आहे. ते मी. आई आधीच गेली होती; पप्पा होते तोवर आम्ही दोघं होतो. धाकटा भाऊ चिंचवडला असतो, पण त्यानं आडनाव बदलून घेतलं त्याला बरीच वर्षं झाली. आत्याला लग्नानंतर सासरचं आडनाव लागलं. राहिले मी, लग्न न केलेली, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालणारी.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. जर्मन आहे, एवढंच सांगते. लिहिलं तर वाचणारा संध्याकाळपर्यंत माझ्या दारात उभा राहील, इतकं ते दुर्मीळ आहे.

पप्पा यंदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात गेले. गावाकडेच गेले. आमचं गाव सोनईपासून फार लांब नाही; चहूकडे ऊस, मध्ये मिशनचं कंपाउंड आणि त्याच्या मागे ओढ्याच्या अंगाला कबरस्तान. आमच्या गावात अशी रीत आहे की वर्ष होईपर्यंत कबरीवर दगड बसवत नाहीत. माती खाली बसू द्यायची. तोवर लाकडी क्रूस असतो आणि त्याच्या आडव्या फळीवर मेलेल्या माणसाचं नाव मुलानं आपल्या हातानं रंगवायचं. अक्षर चांगलं असो की वाईट. वर्षानंतर पाथरवट त्याच नावावरून दगड घडवतो, त्यामुळे क्रूसावर जे लिहिलं तेच कायमचं.

मातीच्या दिवशी भावानं काळ्या रंगात ब्रश बुडवला, पप्पांचं नाव लिहिलं आणि थांबला.

"खाली काय लिहू?"

मी आपलं आडनाव सांगितलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, ते आपलं नाही."

फादर वाट बघत उभे होते. मिशनमधली माणसं, कारखान्यातली माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर ऊन. आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि आम्हा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "पोरांनो, आत्ता न्हाई. आत्ता दादाला जाऊ द्या नीट."

म्हणून पप्पांच्या नावाखालची जागा कोरी राहिली. उन्हाळाभर, पावसाळाभर ती तशीच होती. मी दर महिन्याला गावाला जाऊन यायचे आणि त्या कोऱ्या जागेसमोर उभी राहायचे. क्रूस पप्पांनी स्वतःच करून ठेवला होता. ते मिशनच्या वसतिगृहात सुतार होते. टेबलं, बाकं, मुलांच्या पेट्या आणि गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचा क्रूस त्यांच्या हातचा. स्वतःचा त्यांनी कधी केला हे आम्हाला कळलंही नाही. ते गेल्यावर आत्यानं खाटेखालून काढून दिला, गोणपाटात गुंडाळलेला.

भावाचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. आमचं जुनं आडनाव गावातलंच आहे, छोटंसं, याच मातीतलं. पणजोबांच्या आधीचे सगळे त्या नावाचे. त्या नावावरून गाव ओळखायचं की या माणसाला कुठे उभं करायचं, पाणी वरून घालायचं की नाही. भाऊ फोनवर म्हणायचा, "आपण लपून बसलो ताई, परक्या नावाच्या मागे. माझ्या पोरांना मला ते शिकवायचं नाही. आपल्या लोकांनी ज्या नावानं सोसलं, ते नाव ताठ मानेनं लावायचं." त्यात चूक काय होतं? मी ऐकून घ्यायचे. पण पप्पांच्या क्रूसाचा विषय निघाला की माझ्या तोंडून शब्द फुटायचे नाहीत, आणि तो म्हणायचा, "बोल की. पुस्तकं एवढी वाचतेस, आणि बोलायची वेळ आली की गप."

तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता सावकाश लिहिते आहे.

आमच्या पणजोबांना मिशनमध्ये घोडी सांभाळायचं काम होतं. त्या काळी इथले फादर जर्मन होते. त्यांतले एक घोडीवरून गावोगाव फिरायचे, देवळाली प्रवरेपासून पार गोदावरीच्या काठापर्यंत. पणजोबा घोडीच्या मागे चालत. दाणा, पाणी, खरारा, नाल ठोकून आणणं, सगळं त्यांच्याकडे. गावोगाव लोक विचारायचे, "कोणाचा रे तू?" त्या काळी माणसाला नाव विचारायची ही रीत. पणजोबा फादरांचं आडनाव सांगायचे. कोणाची घोडी? फादरांची. कोणाचा माणूस? फादरांचा. मग कोणी पुढे काही विचारत नसे आणि ओट्यावर बसायला जागा मिळे.

मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारनं जर्मन फादरांना उचलून नेलं. आमच्या फादरांना न्यायला शिपाई आले तेव्हा ते मराठीत म्हणाले म्हणतात, "मी येईपर्यंत घोडीकडे बघ." पणजोबांनी बघितलं. युद्ध संपलं. फादर आले नाहीत. नवे फादर आले ते सायकलवर बसणारे. त्यांना घोडीचा उपयोग नव्हता. ती विकून टाक म्हणाले, तर पणजोबा म्हणाले, "माझी असती तर विकली असती." घरच्यांच्या तोंडचा घास काढून त्यांनी घोडी म्हातारी होऊन मरेपर्यंत पोसली. कोणी विचारलं कोणाची, तर तेच आडनाव सांगायचे. पुढे आजोबांना मिशनच्या शाळेत घातलं आणि मास्तरांनी आडनाव विचारलं, तेव्हा आजोबांनी लहानपणापासून घरात ऐकलेलं एकच नाव सांगितलं. मास्तरांनी ते लिहिलं. आमच्या घरात जर्मनीतलं आडनाव आलं ते असं.

हे मला चौथीत असताना कळलं, आणि ते कळण्याआधी मी मोठा घोटाळा करून ठेवला होता.

कबरस्तानाच्या कडेला, कुंपणाला लागून, लिंबाच्या झाडाखाली एक लांबट चौथरा आहे. त्यावर क्रूस नाही, नाव नाही. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव आपापल्या कबरींना चुना लावतं, झेंडू वाहतं, मेणबत्त्या लावतं. आमच्या घरच्या कबरी झाल्या की पप्पा उरलेला चुना घेऊन त्या चौथऱ्याकडे जायचे. मी विचारलं की म्हणायचे, "फादरांची आहे." मी ऐकलं ते एवढंच. आमचं आडनाव फादरांचं, आणि ही कबर फादरांची. मी दोन्ही जोडलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सिस्टरांनी प्रत्येकाला काल कोणासाठी प्रार्थना केली ते विचारलं, तेव्हा उभी राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "माझे पणजोबा जर्मन फादर होते, त्यांच्यासाठी."

फादर लग्न करत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गातली मुलं टाळ्या वाजवणार होती. सिस्टरांनी खिडकी लावून घेतली. "खाली बस," म्हणाल्या, "आणि असं पुन्हा कुठे बोलायचं नाही." संध्याकाळी त्या स्वतः आमच्या घरी आल्या. पप्पा अंगणात रंधा मारत होते. सिस्टर हळू आवाजात सांगू लागल्या तसे पप्पा हसायला लागले. हसता हसता खाली बसले. त्यांच्या केसांतून भुसा पडत होता. सिस्टर आधी रागावल्या, मग त्याही तोंडावर हात धरून हसल्या.

त्या गेल्यावर पप्पांनी मला जवळ बसवलं. "बाळ, ती फादरांची कबर नाही. फादरांच्या घोडीची आहे."

पणजोबांनी घोडीला मूठमाती दिली ती तिथे. त्यांनीच दगड रचून चौथरा केला. जुन्या माणसांना ठाऊक होतं. ती माणसं गेली, आणि चौथरा फादरांचा म्हणून राहिला. परगावाहून आलेल्या सुना तिथे गुडघे टेकायच्या. परीक्षेच्या आधी वसतिगृहातली मुलं मेणबत्ती लावायची. मी पप्पांना म्हटलं, मग तुम्ही सांगत का नाही? ते म्हणाले, "आता सांगून काय करू? इतक्या वर्षांच्या प्रार्थना परत कुठे पाठवायच्या?"

पप्पांना एक छंद होता. कुठल्याही नव्या गावी गेले की पोस्टात किंवा टेलिफोनच्या ऑफिसात जायचे, फोनची जाडजूड डिरेक्टरी मागून घ्यायचे आणि आमचं आडनाव शोधायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर नाशिकला गेले होते, तेव्हाही. बोट वरून खाली फिरवायचे, त्याच्या आधीचं आडनाव, नंतरचं आडनाव, मध्ये काही नाही. डिरेक्टरी मिटायचे आणि म्हणायचे, "नाही अजून." जणू ती माणसं वाटेतच होती, पोचली नव्हती.

लोकांना त्या नावाची गंमत वाटायची. एसटीचा कंडक्टर विचारायचा, गोव्याचे का? कॉलेजमध्ये केरळचे का? "नाही," मी म्हणायचे, "सोनईजवळचे." मग समोरचा माझ्याकडे नीट बघायचा, रंगाकडे, साडीकडे, आणि विषय सोडून द्यायचा. भावाला हेच नकोसं झालं. नोकरीच्या ठिकाणी त्याला दर नव्या माणसाला पणजोबांपासून सुरुवात करावी लागे.

त्यानं आडनाव बदललं तेव्हा मला वाटलं होतं पप्पा मोडून पडतील. ते काहीच बोलले नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही.

पुढे ग्रंथालयात कॉम्प्युटर आले. एका सुट्टीच्या दिवशी मी पप्पांना नगरला घेऊन आले आणि त्यांना एक नकाशा दाखवला. आडनाव टाकलं की त्या नावाची माणसं आज जगात कुठे राहतात ते त्यावर दिसायचं. जर्मनीचा नकाशा जवळजवळ पांढराच राहिला. वायव्येकडच्या वेस्टफालिया नावाच्या शेतीच्या मुलखात, एकाच कोपऱ्यात, काही फिके ठिपके उमटले. बोटांवर मोजता यावीत एवढी माणसं. पप्पा चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "थोडेच आहेत की बिचारे." आणि थोड्या वेळानं, "आपला ठिपका कुठाय?"

आपला ठिपका नव्हता. ज्यानं कोणी तो नकाशा केला, त्याला आम्ही ठाऊक नव्हतो.

पण त्याच सुमाराला उलट्या बाजूनंही कोणी तरी शोधत होतं. कॉलेजच्या वेबसाइटवर कर्मचाऱ्यांच्या नावांत माझं नाव आहे. एके दिवशी जर्मनीहून मेल आला. निवृत्त शिक्षिका होती, पप्पांपेक्षा जरा मोठी. तिचं आडनाव आमचंच. इंग्रजीत लिहिलं होतं की मी माझं आडनाव अधूनमधून शोधत असते, आणि यावेळी ते भारतात सापडलं, कसं काय? मी घोडीची गोष्ट लिहून पाठवली. ते फादर तिच्या आजोबांचे भाऊ निघाले. त्या हिवाळ्यात ती पुण्यापर्यंत विमानानं आणि पुढे गाडी करून आमच्या गावाला आली.

पप्पांनी आठवडाभर आधी घराला चुना लावला. लग्नातला कोट काढला. आत्या दुसऱ्या गल्लीतच राहते, ती भल्या सकाळी येऊन चुलीपाशी बसली. भाऊ तेव्हा कंपनीच्या कामानं बाहेरगावी होता. त्याला जमलं नाही.

बाई उंच होती, पांढऱ्या केसांची, पायांत पुरुषी बूट. आत शिरल्याबरोबर पप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि स्वतःचं आडनाव म्हटलं. पप्पांनी त्यांचं म्हटलं. दोघांचं एकच. मग दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

"बसवा की त्यांना," आत्या आतून ओरडली. "का उभ्यानंच पाठवताय जर्मनीला?"

जेवण झालं. आत्यानं बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. बाई हातानं जेवली. तिखट लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर आत्या खूष झाली. मग आम्ही कबरस्तानात गेलो. पप्पा पुढे. आजोबांची कबर दाखवली, पणजोबांची दाखवली. दगडांवर आडनाव कोरलेलं होतं, मराठीत. बाईनं मला वाचायला लावलं आणि प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. एवढ्यात मिशनच्या शिपायानं लिंबाच्या झाडाकडे हात केला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "अन् ती फादरची कबर!"

त्यातलं 'फादर' तिला कळलं. ती चकित झाली. मला म्हणाली, पण ते तर आमच्या गावात वारले. मी लहान होते, मला त्यांची अंत्ययात्रा आठवते. मग इथे कोण आहे?

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा कोटाची बटणं बघत होते. शिपाई आमच्याकडे बघत होता.

"सांग की तिला," आत्या म्हणाली. "घोडं हाय म्हनावं."

"घोडी," पप्पा म्हणाले.

मी सांगितलं. बाईनं एकदा चौथऱ्याकडे बघितलं, त्यावरच्या मेणबत्त्यांच्या जुन्या मेणाकडे बघितलं, आणि जी हसायला लागली ती थांबेना. आत्याही हसली, पप्पाही. शिपायाला मी नंतर समजावलं, तर तो म्हणाला, "मग मी दहावी पास झालो ते कोणामुळं?" हसून झाल्यावर बाईनं डोळे पुसले, आत्याकडून मेणबत्ती मागून घेतली आणि चौथऱ्यावर लावली. थोडा वेळ हात जोडून उभी राहिली. जर्मनीत तिला ते फादर आठवत होते म्हातारपणीचे. म्हणाली, ते आमच्या घोड्यांशी एका वेगळ्याच भाषेत बोलायचे, आम्ही मुलं हसायचो. मी विचारलं, कोणत्या भाषेत? ती म्हणाली, तुम्ही इथे जी बोलता ना, तशीच काहीशी वाटायची.

पप्पांनी तिला एकच प्रश्न विचारला. किती दिवस मनात ठेवला होता कोणास ठाऊक. म्हणाले, "विचार तिला, आम्ही हे नाव लावतो ते चालतं का? आम्ही काही त्यांच्या रक्ताचे नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई चौथऱ्याच्या कडेला बसली आणि बराच वेळ बोलत राहिली. मी तुकड्या-तुकड्यानं मराठीत सांगत गेले. ती म्हणाली, हे नाव मुळात माणसाचं नाहीच. एका शेताचं आहे. ओढ्याच्या वळणावर एक मळा होता, त्या मळ्याचं नाव. आमच्याकडे पूर्वी अशी रीत होती की जो मळा सांभाळेल त्यानं मळ्याचं नाव लावायचं. जावई येऊन राहिला तर तो आपलं सोडून मळ्याचं नाव घेई. मळा दुसऱ्याकडे गेला तर नाव त्याच्याकडे जाई. दोन सख्ख्या भावांतला एक घरी राहिला आणि दुसरा दुसऱ्या मळ्यावर गेला तर दोघांची आडनावं वेगळी. माझे खापरपणजोबा आणि त्यांचा भाऊ, दोघांची आडनावं निरनिराळी होती. शेजारी शेजारी पुरलेले होते. ते भाऊ नव्हेत असं कोणाच्या मनातही आलं नाही. मी स्वतः रक्तानं त्या नावाची आहे का, हे मला सांगता येणार नाही. आमच्यातलं कोणी तरी तो मळा सांभाळायला आलं, एवढं खरं.

आत्या म्हणाली, "म्हंजे आपल्यावानीच की. अमक्या मळ्यावरचे, तमक्या वस्तीवरचे."

 परत येताना पप्पा मला वेगळे चालताना दिसले, कोटाची बटणं सोडून.

निघताना बाईनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे कबर कायमची नसते. ठराविक वर्षांची मुदत असते. पुढे मागणारं कोणी नसेल तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. फादरांचा दगड केव्हाच निघाला होता. त्या गावात आता तिच्या आईवडिलांच्या दगडावर तेवढं ते नाव होतं, आणि तिच्यामागे त्या कबरीची मुदत वाढवणारं कोणी नव्हतं. "तुमच्याकडे काढत नाहीत?" तिनं विचारलं.

"न्हाई हो," आत्या म्हणाली. "आमी मेलेल्याला हलवत न्हाई."

त्यानंतर दर नाताळाला तिचं कार्ड यायचं. पप्पा ते देवघरातल्या मतमाऊलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, तसबिरीमागे खोचून ठेवायचे. मागच्या दोन नाताळांना कार्ड आलं नाही. मेल केला, त्याचंही उत्तर आलं नाही. पप्पांनी एकदा मला विचारलं, "तो नकाशा अजून बघता येतो का?" मी म्हटलं येतो. पण दाखव असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही दाखवला नाही.

दोन नोव्हेंबर आला. यंदा दिवाळी होऊन गेली होती, झेंडूचा भाव उतरला होता. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि उसाच्या ट्रॅक्टरांमुळे नगरहून यायला मला उशीर झाला. पोचले तेव्हा भाऊ आधीच कबरस्तानात होता, एकटाच. बायकोमुलांना आत्याकडे सोडलं होतं. हाताला चुना लागलेला. आजी-आजोबांच्या, आईच्या, पणजोबांच्या कबरी पांढऱ्या झालेल्या. आत्या पाटीत फुलं घेऊन पायवाटेनं येत होती.

आम्ही फार बोललो नाही. मी मेणबत्त्या लावत गेले. भाऊ पप्पांच्या क्रूसासमोर बसला. काळ्या रंगाचा डबा, ब्रश, आणि पप्पांचीच फूटपट्टी, लाकडाची, कडा झिजलेली. आज तो खाली काय लिहिणार हे मी विचारलं नाही. त्याच्याकडे पाठ फिरवून बसले. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडायला मला ती जागा नको होती.

बराच वेळ रंगाचा वास आला नाही. मी वळून बघितलं. तो आडव्या फळीवर फूटपट्टी धरून होता. मग उठून शेजारच्या कबरीवरचा क्रूस मोजून आला. तोही पप्पांच्या हातचा, मागच्या वर्षीचा. परत येऊन बसला.

"ताई, पप्पा क्रूस सगळ्यांचे एका मापाचे करायचे ना?"

"हो. फर्मा होता त्यांचा."

"हा मोठा आहे. उभी फळी तेवढीच आहे, आडवी लांब घेतलीय. जवळजवळ वीतभर जास्त." त्यानं माझ्याकडे बघितलं. सुतारकाम तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पप्पांनी उगाच लाकूड वाया घालवलं असं त्याला वाटणं शक्य नव्हतं. त्यानं बोटानं हवेतच आपलं छोटं आडनाव लिहून बघितलं. ते मध्येच संपलं. दोन्ही बाजूंना जागा उरली. मग दुसरं लिहून बघितलं, लांबलचक. ते कडेपर्यंत गेलं.

"मापून घेतलंय," तो म्हणाला.

आत्या पोचली होती. तिनं पाटी खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं तसं," भाऊ म्हणाला. "मी बदललं तेव्हा त्यांना विचारलं होतं. म्हणाले, तुझं तू लाव. आजोबांच्या आजोबांचं आहे, चांगलं आहे. माझं माझ्यापाशी राहू दे." ब्रश त्याच्या हातात तसाच होता. "पण हे इथे लिहिलं, उद्या दगडावर गेलं, की माझी पोरं येतील, त्यांची पोरं येतील. नावाशी नाव जुळणार नाही. हे कोणाचे वडील, विचारलं तर काय सांगतील? या रांगेत मी कुठे येतो? मला कुठे पुरशील तू?"

एवढे महिने मी समजत होते की तो जुन्या नावासाठी भांडतोय. तो या रांगेत जागा मागत होता.

मी त्याच्या शेजारी मातीत बसले आणि त्याला ओढ्याच्या वळणावरच्या मळ्याची गोष्ट सांगितली. घोडीचा विनोद त्यानं अनेकदा ऐकला होता, पण त्यापुढचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो येईपर्यंत सगळ्यांच्या लक्षात हसणंच राहिलं होतं. एक भाऊ मळ्यावर राहिला, एक दुसरीकडे गेला, आडनावं दोन, कबरी शेजारी शेजारी. त्यानं मला मध्ये थांबवून विचारलं, "शेजारी शेजारीच म्हणाली ती?"

"शेजारी शेजारी. भाऊ नव्हेत असं कोणाच्या मनातही आलं नाही, म्हणाली."

"व्हय, मी व्हते तिथं," आत्या म्हणाली. "आन् तुला रं कशाला येवढी पुरायची घाई? मी हाय की आधी रांगेत. लग्नात माझं तर नाव बी बदललं आन् आडनाव बी, मला काय वढ्यात टाकणार हायेस?"

तो हसला. मग त्यानं ब्रश बुडवला, डब्याच्या कडेला निथळला आणि लिहायला सुरुवात केली. त्याचं अक्षर पप्पांसारखं आहे, मोठं आणि जरा उजवीकडे झुकलेलं. मी फळी हलू नये म्हणून मागून धरून ठेवली होती, त्यामुळे मला अक्षरं दिसत नव्हती. त्याचा चेहरा दिसत होता. लिहून झाल्यावर तो मागे सरकला. मी पुढे येऊन बघितलं. आडनाव फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरोबर बसलं होतं. शेवटच्या अक्षराला थोडा रंग ओघळला होता, तो त्यानं अंगठ्यानं पुसला.

त्याच्या खाली, फळीच्या अगदी तळाशी, बारीक ब्रशनं त्यानं 'मुलगा' लिहिलं, आणि पुढे स्वतःचं नाव, नव्या आडनावासकट. आमच्याकडे असं कोणी लिहीत नाही. आत्यानं बघितलं आणि पाटीतली फुलं क्रूसाच्या पायथ्याशी वाहिली.

चुना बराच उरला होता. भावानं डबा उचलला आणि लिंबाच्या झाडाकडे निघाला. चौथऱ्यावर कोणी तरी सकाळीच येऊन झेंडू ठेवून गेलं होतं. वसतिगृहातली मुलं असतील, परीक्षा जवळ आली आहे. भावानं फुलं अलगद उचलून माझ्या ओंजळीत दिली, चुना लावून होईपर्यंत धरायला.